गच्चीवरचे शेजारी

उन्हाळा तोंडावर आला की आमच्या भाषाशाळेत परदेशी पोरांची यादी येते आणि त्यांना राहायला घरं शोधून द्यायचं काम माझ्या गळ्यात पडतं. बावीस वर्षं झाली मी हेच करते आहे. स्पेनच्या किनाऱ्यावरच्या आमच्या कादिझमधल्या निम्म्या बायकांना मी नावानं ओळखते आणि उरलेल्या निम्म्या माझ्या नावानं बोटं मोडतात. त्याला कारण आहे. पाहणीला येणाऱ्या इतर बाया खोली बघतात, गादी दाबून बघतात, समोर आलेली कॉफी पितात आणि जातात. पहिली काही वर्षं मीही तेवढंच करायचे. आता मी गच्चीवर जाते.

"गच्चीवर काय आहे बघण्यासारखं? धुणं वाळत घातलंय," असं सगळ्याच म्हणतात. म्हणेनात. मी जिने चढते, वरची धुण्याची खोली उघडते आणि आत बघते. आजवर दोनदा तिथे खाट सापडली. एकदा खाटेवर म्हातारी बसलेली होती, गुडघ्यावर रेडिओ घेऊन. मी आरडाओरडा केला नाही. खाली आले आणि त्या घरच्या बाईला एवढंच म्हटलं, की आधी आईला खाली आण, तिची खुर्ची जेवायच्या टेबलाशी लाव, मग तुला विद्यार्थी देते. बाई लालबुंद झाली. हिच्या बापाचं काय जातं, असं तिनं जिन्यात मागून मला ऐकू जाईल असं म्हटलं.

माझं काय गेलं ते सांगते. सांगताना लाज वाटते, पण ती वाटायलाच हवी. माझी लाज तेव्हा भलत्याच ठिकाणी खर्च झाली होती.

माझा आबा, म्हणजे आईचे वडील, सेर्वांदो. ला विन्या या कादिझच्या कोळीवाड्यात जन्मला, तिथेच वाढला. अकराव्या वर्षी मासेमारीच्या बोटीवर चढला आणि चाळिशीत डाव्या हाताची दोन बोटं दोरखंडाच्या चरकात देऊन उतरला. करंगळी आणि तिच्या शेजारचं. बोटीच्या मालकानं हात झटकले. आबानं उरलेल्या बोटांत टोपली धरली आणि उकडलेली खारी करंदी विकायला लागला. अंगात पांढरा कडक कोट. तो कोट स्वतः धुवायचा आणि इस्त्रीही स्वतःच करायचा, आईच्या हातच्या इस्त्रीवर त्याचा भरवसा नव्हता. संध्याकाळी कालेताच्या किनाऱ्यावर लोक घरून टेबलं-खुर्च्या आणून बसलेले असायचे, त्यांच्यामधून फिरत आरोळी ठोकायचा, "खाऊन बघा, नाही आवडली तर मिशा परत करा!" ही एकच आरोळी तीस वर्षं. लोक तीस वर्षं हसायचे.

घरी आम्ही चौघं. आई रेग्ला, गोदीत कामाला जाणारे बाबा, मी पाल्मा, आणि आबा. रस्त्याच्या बाजूची खिडकीवाली खोली त्याची. आम्ही त्याला अरेतुरेच करायचो. उन्हाळ्यात जेवण झालं की तो खिशातला चाकू काढायचा, पीच सोलायचा, साल एकदाही तुटू द्यायचा नाही, आणि पहिली फोड चाकूच्या टोकावर धरून माझ्यापुढे करायचा. मी तोंडानंच उचलायची. तीन वर्षांची होते तेव्हापासून. पहिली फोड माझी, मग बाकीच्यांची. घरात कुणी पाहुणा असला तरी यात बदल नसायचा.

मी सतरा वर्षांची असताना जवळच्या भाषाशाळेनं एक टूम काढली. जे कुटुंब उन्हाळ्यात आयर्लंडच्या विद्यार्थ्याला ठेवून घेईल, त्या घरच्या मुलीला पुढच्या उन्हाळ्यात फुकटात आयर्लंडला जायला मिळेल, विद्यार्थ्याच्या घरी. मी आईच्या मागे भुणभुण लावली. आमच्या गल्लीतून तोवर परदेशी कोण गेलं होतं? खलाशी. मुलगी एकही नाही.

अट एकच आडवी येत होती. विद्यार्थ्याला खिडकीवाली स्वतंत्र खोली हवी, आणि बाकी घरात झोपणारी माणसं तीनच. आई फॉर्म घेऊन तासभर बसली. आबानंच तिच्या हातातून पेन काढून घेतलं. वर गच्चीवर धुण्याच्या खोलीत खाट टाका, म्हणाला, मला तिथे वारा लागेल, नाहीतरी उन्हाळ्यात खाली माझा जीव उकडतो. आईनं त्याला एकच अट घातली. झोप वर, बाकी सगळं खाली. जेवण खाली, टीव्ही खाली, आणि आलेल्या पोरीला पहिल्या दिवशीच सांगायचं की हे आमचे वडील.

तर आईच्या बाजूनं पाप एवढंच होतं. पुढचं सगळं माझं.

येण्याआधी त्या मुलीची आणि माझी पत्रं सुरू झाली होती. तिचं नाव ईफा, कॉर्क शहरातली. तिनं लिहिलं, आमच्या घरी कोण कोण आहे, आजी कशी बहिरी आणि भांडकुदळ आहे, वडील शाळेत शिक्षक आहेत. मला वाटलं, आपण काय लिहायचं? करंदीवाला? मी लिहिलं, माझे आजोबा जहाजाचे कप्तान होते, अमेरिकेपर्यंत जाऊन यायचे. एका ओळीचं खोटं. शाई वाळली आणि मला वाटलं, कोण बघायला येणार आहे. वेडीच होते मी, तीच तर येणार होती.

जुलैच्या पहिल्या तारखेला ती आली. उन्हानं टोमॅटोसारखी झालेली, पाठीवर भलीमोठी पिशवी. तिला घेऊन मी जिना चढत होते आणि वरून आबा उतरत होता. पांढरा कोट, टोपली, ओलं फडकं, आणि मिशांची आरोळी, घसा साफ करायला म्हणून जिन्यातच सुरू केलेली. तिला बघून त्यानं करंदीचा एक पुडा तिच्या हातात कोंबला. ईफानं पुड्यात डोकावून बघितलं, इवल्या डोळ्यांची करंदी तिच्याकडे बघत होती, आणि तिला हसू फुटलं. ती करंदीला हसली होती. मला वाटलं, आबाला हसली.

आबा दोन पायऱ्या खाली गेल्यावर तिनं मोडक्यातोडक्या भाषेत विचारलं, हे तुझे आजोबा का?

"नाही गं," मी म्हणाले. "शेजारी आहेत. गच्चीवर राहतात."

आमचा जिना अरुंद, कुजबुजलं तरी तळमजल्यापर्यंत जातं. आबाची पावलं थांबली. तो वळला, टोपी काढली, आणि पाहुण्यांपुढे झुकतात तसा झुकला.

"सेर्वांदो," तो म्हणाला. "गच्चीवरचा शेजारी. काही लागलं तर हाक मारा."

आणि गेला. त्याच्या चेहऱ्यावर रागाचं नावही नव्हतं. असता तर माझं बरं झालं असतं.

आईला कळलं तेव्हा ती भांडी घासत होती. ओल्या हातानंच तिनं माझा दंड धरला आणि म्हणाली की आज जेवताना तू स्वतःच्या तोंडानं खरं सांगायचंस, नाहीतर मी सांगते. मी रडले. कप्तानाचं पत्र, सगळं ओकले. आई सांगायला निघालीच होती, पण आबानं तिला अडवलं. दोन महिन्यांचा तर प्रश्न, म्हणाला, कशाला पोरीचं तोंड पाडतेस परक्या मुलीसमोर? आणि शेजारी व्हायला माझी काही हरकत नाही, घरचा होतो तेव्हा भांडी विसळायला लागायची, शेजाऱ्याला कुणी सांगत नाही.

त्या दिवसापासून दुपारी तीनच्या ठोक्याला आमचं दार वाजायचं. स्वतःच्या घराचं दार तो बाहेरून वाजवायचा आणि स्वतःच्या लेकीला विचारायचा, "येऊ का वहिनी? जास्तीचं काही आहे का?" आई पाठ करून उभी राहायची, टोमॅटोचं गार सार वाढायला लागायची. बाबा ताटात बघायचे. आणि मी, माझी जीभ झडली नाही, मी म्हणायची, "या ना काका, बसा."

काका. आणि अहोजाहो.

आबा वाकबगार नट निघाला. आमच्या घरातल्या वस्तू कुठे आहेत ते त्याला माहीत नसायचं. मीठ कुठलं वहिनी, असं विचारायचा, त्या मिठाचा डबा त्यानंच खिळा ठोकून लावलेला. पाण्याचा दुसरा पेला मागताना संकोचायचा. जेवण झालं की फार बसायचा नाही, कारण शेजारी फार बसत नाहीत. बाहेर रणरणतं ऊन असायचं आणि धुण्याच्या खोलीला वर पत्र्याचं छप्पर. मला ते माहीत होतं. दुपारची झोप मी त्याच्या खोलीशेजारच्या भिंतीला पाठ लावून, थंड फरशीवर पाय पसरून घ्यायचे आणि वर काय होत असेल याचा विचार करायचा नाही असं ठरवायचे.

ईफाला मात्र या शेजाऱ्याचं वेड लागलं. सकाळी शाळा, संध्याकाळी सेर्वांदोकाका. त्याच्याबरोबर किनाऱ्यावर टोपली धरायला जायची, मिशांची आरोळी पाठ करून माझ्यापेक्षा मोठ्यानं ठोकायची. मी कधीच ठोकली नव्हती. करंदी डोक्यासकट खायला शिकली. घरी येऊन सांगायची, आज काकांनी वादळाची गोष्ट सांगितली, आज बोटं कशी गेली ते सांगितलं. त्यातली निम्मी गोष्ट मला माहीत नव्हती, कारण मी कधी विचारलंच नव्हतं. मी तोंड फुगवून बसायचे. आपण टाकलेली वस्तू दुसऱ्यानं उचलली की कसं पोटात दुखतं, तसं.

तिसऱ्या आठवड्यात बाबांनी पहिले चांगले पीच आणले. जेवण झालं. शेजारी झाल्यापासून आबानं आमच्या टेबलावर चाकू काढला नव्हता, पण त्या दिवशी गोष्ट सांगण्याच्या नादात त्याचा हात खिशात गेला. ईफा त्याच्यासमोर, मी बाजूला. त्यानं पीच सोललं, साल तुटू न देता, गोष्ट चालूच. पहिली फोड कापली, चाकूच्या टोकावर घेतली, आणि माझ्याकडे न बघताच हात माझ्या तोंडापुढे आणला. चौदा वर्षांची सवय.

मग त्याचं बोलणं थांबलं. आपण काय केलं ते त्याच्या लक्षात आलं होतं, पण फोड तर पुढे झालेली. ईफा बघत होती. आई बघत होती. मी फक्त तोंड उघडायचं होतं. बोलायचीसुद्धा गरज नव्हती, एक घास घ्यायचा होता.

"नको काका," मी म्हणाले. "तुम्ही घ्या."

आबानं हात मागे घेतला. माफ करा, म्हणाला, म्हाताऱ्यांना भान राहत नाही. ती फोड त्यानं ताटाच्या कडेला ठेवली. खाल्ली नाही. आईनं नंतर ताट उचललं तेव्हा ती काळी पडली होती.

ऑगस्टच्या शेवटी शाळेच्या कासिल्दाबाई आल्या. माहितीपत्रकासाठी त्यांना एका घराचा फोटो हवा होता, विद्यार्थिनी आणि यजमान कुटुंब, आणि माझं आयर्लंडला जायचंही त्याच दिवशी पक्कं होणार होतं. आम्ही सगळे दारात उभे राहिलो. तेवढ्यात आबा गच्चीवरून उतरत होता, कोट घालून. ईफानं त्याला हाक मारली, या ना काका, तुम्ही पण. आणि हे म्हणताना ती त्याच्याकडे बघत नव्हती, माझ्याकडे बघत होती. मला तेव्हा वाटलं, ही उगाच बघते आहे.

कासिल्दाबाईंसमोर आता आजोबा म्हटलं तर घरात माणसं किती, झोपतात कुठे, सगळंच निघणार. माझं आयर्लंड जाणार. मला एवढंच दिसत होतं. आबानं दोन क्षण वाट पाहिली. मग म्हणाला की कुटुंबाच्या फोटोत शेजाऱ्याचं काय काम, आणा तो कॅमेरा, मी काढतो. तो फोटो अजून शाळेत आहे. आम्ही चौघं हसतो आहोत, आणि वरच्या कोपऱ्यात एक धुरकट गोळा आलाय. सगळे म्हणतात फोटो खराब आला. तो आबाच्या तुटक्या करंगळीचा खुंट आहे.

मी आयर्लंडला गेले. ईफाच्या घरी दारातच तिची आजी उभी होती, पायात दोन रंगांचे मोजे, आणि ईफानं तिच्या कानाशी ओरडून माझी ओळख करून दिली, मग माझ्याकडे वळून म्हणाली, ही माझी आजी, हिचं काही मनावर घेऊ नकोस. सगळ्यात चांगली खोली आजीची. मला जिन्याखालची मिळाली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. चार दिवस कसेबसे काढले आणि पाचव्या दिवशी मी ईफाला म्हटलं, तुला एक सांगायचंय.

"मला माहीत आहे," ती म्हणाली.

"कधीपासून?"

"पीचच्या दिवसापासून. शेजाऱ्याच्या मुलीला कोण असं भरवतं?"

मी विचारलं, मग बोलली का नाहीस. ती म्हणाली, मी त्याच संध्याकाळी किनाऱ्यावर त्यांना विचारलं होतं. त्यांनी मला शपथ घातली. म्हणाले, ती सांगेल आपण होऊन, तिला घाई करू नकोस.

म्हणजे फोटोच्या दिवशी ते दोघंही माझी वाट बघत उभे होते.

परत येताना सगळ्या प्रवासात मी एकच ठरवत होते. उतरले की भर रस्त्यात, सगळ्यांसमोर, आबा म्हणून हाक मारायची आणि त्याचे पाय धरायचे. उतरले तर तो स्टँडवर उभा, कोट घालून, बरोबर अर्धी गल्ली. मी तोंड उघडायच्या आत त्यानंच टोपी काढली. "आल्या का शेजारीणबाई? प्रवास ठीक झाला ना?" अर्धी गल्ली खो खो हसली. सगळ्यांना ठाऊकच होतं. मलाही हसू आलं, आणि माफी हसण्याबरोबर गिळली गेली. आमच्या कादिझमध्ये हे असंच चालतं. इथे माणूस रडायच्या जागी विनोद करतो, आणि ज्याला माफी मागायची असते त्याची आयती सुटका होते. मी ती सुटका घेतली. मला माफ केलंय असं मी धरून चालले, कारण ते सोयीचं होतं.

पुढे सतरा वर्षं मी शेजारीणबाई. माझ्या लग्नातसुद्धा. आई दर उन्हाळ्याला विद्यार्थी ठेवायची, आबा दर उन्हाळ्याला वर जायचा. आई सगळ्यांना सांगायची की हे आमचे वडील, आणि तो टोपी काढून म्हणायचा, नाही हो, गच्चीवरचा शेजारी. मी त्याला कधीच सांगितलं नाही की आबा, त्या दिवशी माझं चुकलं. आज सांगू, उद्या सांगू. तो हसतोच आहे की.

अठ्ठ्याऐंशीव्या वर्षी तो खाटेला खिळला. आता त्याची खाट त्याच्याच खोलीत होती, रस्त्याच्या खिडकीपाशी, आणि विद्यार्थी ठेवणं आईनं बंद केलं होतं. त्याला जुनं सगळं आठवायचं, कालचं काही नाही. मी रोज शाळेतून सुटले की जायचे. एका दुपारी त्याचाच चाकू घेऊन मी पीच सोललं. साल दोनदा तुटली. पहिली फोड चाकूच्या टोकावर घेऊन त्याच्या तोंडापुढे धरली.

त्यानं मान मागे घेतली. हसला, परक्या बाईशी हसतात तसा.

"नको शेजारीणबाई," तो म्हणाला. "पहिली फोड आमच्या नातीची असते. ती येईल आता. तिच्यासाठी ठेवा."

मस्करी असेल म्हणून मी त्याच्या डोळ्यांत शोधत राहिले. दिसली नाही. मग माझा बांध फुटला. खिडकी उघडी होती, खाली गल्लीत बायका खुर्च्या टाकून बसल्या होत्या, त्यांनी ऐकलं तर ऐकू दे असं वाटलं. ऐकायलाच हवं होतं. मी ओरडलेच.

"आबा, मीच ती. पाल्मा. तुझी नात. मी तुझी नात आहे रे."

तो घाबरला. इकडेतिकडे बघितलं, दाराकडे, जिन्याकडे. मग आपला तो तीन बोटांचा हात माझ्या हातावर ठेवला आणि अगदी हळू आवाजात, मला समजावत म्हणाला,

"हळू बोला बाई. पोरीच्या कानावर गेलं तर तिला लाज वाटेल."

मी ती फोड बशीत ठेवली आणि माश्या बसू नयेत म्हणून वर दुसरी बशी झाकली.